आत्या: दिवसातून दोनदा, जेवणानंतर

सुरुवातीलाच सांगून टाकते: दाढ निघाली, रक्त सात मिनिटांत थांबलं आणि मी जिवंत आहे.

हे झालेलं नाही. म्हणजे ज्या सोमवारबद्दल मी सांगणार आहे, त्या सोमवारी सकाळी साडेनऊला यातलं काहीच झालेलं नव्हतं. दाढ जागेवर होती, गाल पेरूएवढा होता आणि मी जगेन का, या प्रश्नावर डॉक्टर कास्देकर "बघू" म्हणत होत्या. तेव्हा वरचं वाक्य कुणी वाचलं असेल तर त्यांनी ते विसरावं. मी विसरले आहे.

मी मूळची अकोल्याची. लहानपणापासून माझा घोळणा फुटायचा. इतर मुलांचा उन्हाळ्यात फुटतो, माझा बाराही महिने, सुट्ट्या न घेता. सातव्या वर्षी दुधाचा दात पडला आणि दोन दिवस रक्त येत राहिलं. पहिल्या दिवशी उशीचे अभ्रे बदलले, दुसऱ्या दिवशी लाल अभ्रा घातला.

आमच्याकडे दवाखान्याचं खातं रंजनाआत्याकडे होतं. आई-बाबा दोघंही वीज मंडळात, एकाच दिवशी दोघांना रजा कधी मिळायची नाही. आत्या बाबांची थोरली बहीण, तिचं सासर आमच्याच गल्लीत, त्यामुळे ती चोवीस तास माहेरी आलेलीच असायची. मला रक्ततपासणीला तीच घेऊन जायची. ही वाट साधारण अशी असे: घरातून निघताना भांडण ऑटोवाल्याशी, कारण त्याने डावीकडचा रस्ता धरला. दवाखान्याच्या दारात चपला ठेवणाऱ्याशी, कारण त्याने चपला उजवीकडे ठेवल्या. आत गेल्यावर नंबर लावणाऱ्या बाईशी. मग प्रतीक्षागृहात एका अनोळखी काकांशी, कारण "पंखा तुमच्याचकडे तोंड करून काऊन फिरून राहिला?"

माझी बाही वर सरकवेपर्यंत माझं काळीज कानात वाजत असे. शरमेने. सगळे बघत असत. मग सुई, मग नळी, मग दुसऱ्या दिवशी रिपोर्ट: गोठण घटक ब्याण्णव टक्के. नॉर्मल.

दहा वर्षांत तीनदा तपासलं. ब्याण्णव, एकशे चार, अठ्ठ्याऐंशी. तिन्ही वेळा आत्याने कागद माझ्यासमोर आपटला आणि म्हटलं, "नॉर्मल हाय. आता नाटकं बंद."

मग नाटकं बंद झाली. रक्त चालू राहिलं. पाळीच्या दिवसांत शाळा बुडायची, हिरड्यांतून रक्त यायचं, मी कुणाला सांगायचे नाही. कागदावर नॉर्मल असलेल्या माणसाला आजारी पडायचा अधिकार नसतो. तेविसाव्या वर्षी मेळघाटात नोकरी लागली तेव्हा आत्या म्हणाली, "तिथं वाघ हायेत." मी म्हटलं, चालेल.

नोकरी वणव्यांवर नजर ठेवण्याची. डोंगरांवर चाळीस कॅमेरे, खैरपाणी गावात एक खोली, खोलीत मी. धूर दिसला की बटण दाबायचं. धूर वर्षातून सहा-सात वेळा दिसतो. उरलेल्या वेळी झाडं दिसतात. माझ्या आयुष्यात इतकी शांतता कधीच नव्हती. एका अस्वलाशी तर माझी एकतर्फी मैत्रीही झाली.

दुर्गम भागातल्या कर्मचाऱ्यांना त्या वर्षी आरोग्य विभागाने बांगड्या वाटल्या. २०४३ साल होतं ते. बांगडीच्या आतल्या बाजूला केसाहून बारीक सुया असतात, त्या दर पाच मिनिटांनी रक्ताचा एक कण चाखतात आणि आकडा फोनवर पाठवतात. साखर, लोह, आणखी दहा गोष्टी. त्यात गोठण घटकही.

चौथ्या दिवशी ग्रामीण रुग्णालयातून डॉक्टर रोशनी कास्देकरांचा निरोप आला: ताबडतोब या. डॉक्टर कास्देकर इथल्याच, कोरकू. दाताच्या डॉक्टर म्हणून आल्या होत्या, पण इतर डॉक्टरांची पदं रिकामी असल्यामुळे आता त्या पायापर्यंतच्या सगळ्या डॉक्टर होत्या.

"ढोमणे," त्या म्हणाल्या, "तुमचा आकडा बावीस आहे."

"कशाचा?"

"व्हॉन विलेब्रँड घटकाचा. पन्नासच्या वर हवा. तुम्ही इतकी वर्षं काय केलंत?"

"नॉर्मल होते," मी म्हटलं आणि तिन्ही रिपोर्ट दाखवले.

त्यांनी ते बराच वेळ पाहिले. मग जे समजावलं ते मी अजून विसरले नाही. हा घटक म्हणजे एक लांबच लांब चिकट धागा. रक्तवाहिनीला भोक पडलं की धागा तिथे अडकतो, वाहत जाणाऱ्या प्लेटलेट त्याला येऊन चिकटतात आणि बूच तयार होतं. गोठवणाऱ्या घटकांपैकी आठव्या क्रमांकाचा घटकही याच धाग्याच्या खांद्यावर बसून फिरतो, म्हणजे धागा कमी तर तोही कमी. शरीर हा धागा रक्तवाहिन्यांच्या अस्तरात छोट्या छोट्या डब्यांत भरून ठेवतं. माणूस घाबरला, चिडला, धावला की अ‍ॅड्रेनलिन सुटतं आणि डब्यांची झाकणं उघडतात. वाघ अंगावर येत असेल तर रक्त लवकर गोठलेलं बरं, असा शरीराचा साधा विचार.

"म्हणून हे रक्त शांत माणसाचं घ्यावं लागतं," डॉक्टर म्हणाल्या. "पुस्तकात पहिल्याच पानावर आहे. तुमच्याबरोबर तपासणीला कोण यायचं?"

"आत्या."

"शांत आहेत का?"

मी पंखेवाल्या काकांची गोष्ट सांगितली. पण मला त्या खोलीतच रडू आलं, कारण सोळा वर्षांनी पहिल्यांदा कुणीतरी कागदावर लिहून दिलं होतं की मी नाटकं करत नव्हते.

रविवारी आत्याचा फोन आला. दर रविवारी यायचा. मी बातमी सांगणार होते, पण आत्याने त्याआधी मी किती वाळले आहे, माझ्या मागच्या भिंतीवर जाळं आहे, आणि तिच्या नणंदेची मुलगी कशी पुण्यात पंचवीस माणसांवर साहेब आहे, हे सांगितलं. बारा मिनिटं. फोन ठेवला आणि बांगडी थरथरली. आकडा एक्काहत्तर. खाली बारीक अक्षरांत: *उत्तेजक स्रोत ओळखला: रंजनाआत्या. खात्री ९७ टक्के.*

त्या वर्षभरात हे सगळीकडे झालं. बांगड्या सुयांच्या जोरावर रक्त ओळखायला निघाल्या होत्या आणि वाटेत माणसं ओळखायला लागल्या. नागपुरात एका कचेरीतल्या अठरा जणांचे आलेख एकाच वेळी, रोज सकाळी सव्वादहाला उडी मारतात असं दिसलं, आणि साहेबांची बदली झाली. लग्न ठरवताना पत्रिकेऐवजी आलेख जुळवू लागले. मुलगा समोर बसला असताना मुलीचा आकडा अजिबात हलला नाही तर काही घरांत ते शुभ मानत, काही घरांत अशुभ. मग विधिमंडळाने कायदा केला: ज्या व्यक्तीची "स्रोत" म्हणून नोंद होते तिला तसं कळवलं गेलं पाहिजे. पारदर्शकता.

आत्याला पत्र गेलं. अशोकस्तंभासकट. "आपण लाभार्थी क्रमांक ४४१७ यांच्या रक्तातील घटकवाढीचा प्रमुख स्रोत असल्याचे आढळले आहे. अन्य तुलनात्मक स्रोत: अस्वल (१९ टक्के)."

तिला लाभार्थी कोण हे विचारावं लागलं नाही. पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फक्त रोज सकाळी एक गुलाबाचं चित्र येऊ लागलं, त्यावर "शुभ सकाळ". मला वाटलं होतं मला बरं वाटेल. आकडा बावीसवर स्थिर झाला आणि खोलीतली शांतता जरा जास्तच झाली.

मग दाढ दुखायला लागली. खालची, उजवीकडची, आडवी आलेली अक्कलदाढ. मी आठ दिवस लवंगेवर काढले, हा माझा स्वतःचा मूर्खपणा. रविवारी दुपारी तोंड दोन बोटंसुद्धा उघडेना, ताप आला.

डॉक्टर कास्देकरांनी आत बॅटरी मारली आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. "पू झालाय. खाली गळ्याकडे उतरायला लागलाय. उतरला तर श्वास अडेल. उद्याच्या उद्या दाढ काढायची."

"मग काढा."

"बावीसवर? सुन्न करायची सुई टोचली तरी आत रक्त साचेल. पन्नासच्या वर नेल्याशिवाय मी हात लावणार नाही." मग त्यांनी पर्याय सांगितले. एक इंजेक्शन असतं, तेच डबे उघडतं, अर्ध्या तासात आकडा वर. ते अमरावतीहून सकाळी ड्रोनने येईल. गुठळी धुऊन जाऊ नये म्हणून त्यांच्याकडे एक गुळणीचं औषध होतं, पण ते झालेली गुठळी टिकवतं, नसलेली बनवत नाही.

"आणि ड्रोन नाही आला तर?"

"त्याचीही सोय केलीय," त्या म्हणाल्या आणि विषय बदलला.

सोमवारी सकाळी साडेनऊच्या एसटीतून सोय उतरली. हातात डबा, खांद्यावर पिशवी.

दहा वाजता वनविभागाचा आदेश आला. घाटाजवळच्या वाघिणीला पिल्लं झाली होती. तिला त्रास नको म्हणून चोवीस तास घाट बंद, आकाशही बंद. इंजेक्शन घेऊन निघालेला ड्रोन दहा वाजून पाच मिनिटांनी शिस्तीत मागे फिरला. डॉक्टरांनी फोन केला. तातडीच्या कारणासाठी अपवाद मिळतो, असं कळलं. अर्ज करावा, उत्तर तीन कामकाजाच्या दिवसांत.

"तीन दिवस ही थांबणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी दार उघडून बाहेर हाक मारली. "रंजनाताई, या आत. काल फोनवर बोललो ना, तसं सुरू करा."

आत्या आत आली. सहा महिन्यांत ती लहान झाल्यासारखी वाटली. तिने माझ्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं. मग तिने डबा पुढे केला. "शिरा आनला व बेटा. पातळ केला, चावावं नाही लागत."

बेटा. ती मला जन्मात कधी बेटा म्हणाली नव्हती. बांगडी: तेवीस.

"ताई," डॉक्टर म्हणाल्या, "शिरा नको. भांडण."

"हो हो." आत्याने पदर सारखा केला. शाळेत कविता म्हणायला उभी राहिल्यासारखी ती माझ्यासमोर उभी राहिली. "ओजे, तू... तू लई वाळली."

चोवीस.

"खोलीत जाळं होतं."

तेवीस.

"माह्या नणंदेची पोरगी पुन्यात..." ती थांबली. "तिची नोकरी गेली, जाऊ दे. चांगली पोरगी हाय बिचारी."

"ताई, जरा मनापासून," डॉक्टर म्हणाल्या. त्या दोन्ही हातांत मोजे घालून तयार उभ्या होत्या.

"नाही होत व डॉक्टरीणबाई." आत्या स्टुलावर बसली. "त्या कागदात लिहून आलं का मी इच्यासाठी अस्वलापेक्षा वाईट. तवापासून तोंड उघडलं का मले ते पत्र दिसते. ते बी सोडा. तुम्ही काल फोनवर सांगतलं ना, का पोट्टी तवा खरंच आजारी होती? रिपोर्ट माह्या भांडनानं बिघडत होते?" तिने माझ्याकडे पाहिलं. "दोन दिवस तू रक्त थुकत होती. सात वर्साची. न म्या तुले नाटकी म्हटलं."

मला बोलता येत नव्हतं, म्हणून मी तिचा हात धरला. तो हात मी लहानपणी इतक्या दवाखान्यांत धरला होता की मला त्याच्या बोटातली अंगठी पाठ होती. दोघीही रडलो. आतून काहीतरी सैल झालं, खूप जुनं.

बांगडी थरथरली. एकोणीस.

"हे सगळं फार छान आहे," डॉक्टर म्हणाल्या, "पण हे दाढ काढल्यानंतर करता येईल का?"

दुपारचा एक वाजला. मला गिळताना घशात काहीतरी आडवं येत होतं. डॉक्टरांनी मला जिन्यावर चार वेळा चढ-उतार करायला लावली. अठ्ठावीसपर्यंत गेलं आणि मला चक्कर आली. त्यांनी टेबलावर अचानक ट्रे आपटून पाहिला. एकतीस, आणि लगेच खाली. त्यांनी मला फोनवर अस्वल दाखवलं. मला अस्वल बघून बरं वाटलं, तेही चुकलंच.

शेवटी त्या म्हणाल्या, "कमी आकड्यावर काढायची वेळ आली तर नातेवाइकाची सही लागेल. धोका समजला म्हणून." त्यांनी कागद आत्यापुढे ठेवला.

आत्याने चष्मा लावला. पेन घेतलं. कागद वाचायला लागली, ओळीवर बोट ठेवून. बोट पहिल्याच ओळीवर थांबलं.

"डॉक्टरीणबाई, कागद दुसऱ्याचा देल्ला तुम्ही. ही कोन ओवी ढोमणे?"

मी छताकडे पाहिलं.

आमच्यात बारशाला नाव आत्या ठेवते. पाळण्यात वाकून कानात नाव सांगायचं, कुर्र करायचं, आणि मग बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. माझ्या आत्याने मला ओजस्विनी केलं होतं. मला ते नाव कधी पेललं नाही. ज्या मुलीचं रक्त थांबत नाही तिला ओजस्विनी म्हणणं हा विनोद मला एकटीलाच कळत होता. इथे आल्यावर मी गॅझेटमध्ये अर्ज करून ते बदललं. आत्याला सांगायचं राहिलं, दीड वर्ष.

"ओजे," आत्याचा आवाज खाली गेला. मला तो आवाज माहीत होता. तो खाली गेला की ऑटोवाले गाडी बाजूला घ्यायचे. "तू नाव बदललं?"

मी मान हलवली. सव्वीस.

"कोनं ठेवलं हे?"

"मीच," मी दातांच्या फटीतून म्हटलं.

"सोताचं बारसं सोताच केलं? मंग कुर्र कोनं केलं?"

"गॅझेटने."

"गॅझेट तुही आत्या हाय का?"

सदतीस. डॉक्टरांनी हळूच स्टूल पुढे ओढलं.

"बावीस नावं काढली होती म्या! वहीत! तुह्या मायले पाह्यजे होतं पिंकी. पिंकी! म्या आडवी पडली म्हनून तू वाचली, नाही तं आज पिंकी ढोमणे म्हनून पडली असती या खुर्चीत!"

"मला न विचारता ठेवलंस!" माझं तोंड उघडत नव्हतं तरी मी ओरडले. "माझं काहीही असो, मला न विचारता! नाव तू ठेवणार, नॉर्मल तू ठरवणार!"

"बारा दिवसाच्या पोट्टीले काय इचारू? अर्ज लिहून मागू?"

अठ्ठेचाळीस. पंचावन्न. डॉक्टरांनी सुई टोचली. त्यांनी आत्याला डाव्या हाताने खूण केली: चालू ठेवा. आत्याने ती खूण पाहिलीच नाही. ती आता कुणासाठीही करत नव्हती.

जबडा सुन्न झाला, तोंडात कापूस भरला, आणि मग जे झालं त्याबद्दल डॉक्टर कास्देकरांनी पुढे एका नियतकालिकात टिपण लिहिलं. आत्या बोलत होती आणि मला उत्तर देता येत नव्हतं. ओवी हे काय माणसाचं नाव आहे का, ओवी तर चार ओळींत संपते. सरकारी कागदावर नाव बदललं म्हणून कुळ थोडंच बदलतं. नणंदेच्या मुलीने नाही बदललं, आणि तिचं नाव तर द्रौपदी आहे. प्रत्येक वाक्यावर माझ्याकडे तीन-तीन उत्तरं तयार होती आणि तोंडात पक्कड होती. एक्काहत्तर. ब्याण्णव. एकशे अठरा. मी पायाने टेबलाला लाथ मारली. काहीतरी कडकन मोडलं, डॉक्टर म्हणाल्या, "आली," आणि ट्रेमध्ये टण्ण झालं.

डॉक्टरांनी घड्याळ लावलं. कापूस दाबून धरला. आत्या एकदम गप्प झाली, कापसाकडे बघत. डॉक्टर किंचाळल्या, "थांबू नका!"

"न हे केस!" आत्या रडत रडत ओरडली. "हे केस कोनी कापले वं तुहे, वनविभागानं?"

सात मिनिटांनी डॉक्टरांनी कापूस काढून पाहिला. खळगीत गडद लाल, घट्ट, चकचकीत गुठळी बसली होती. दुधाच्या दाताच्या वेळी तिला दोन दिवस लागले होते.

पुढचे दहा दिवस आत्या माझ्या खोलीत राहिली. केस पेपरवर डॉक्टरांनी लिहिलं होतं: *आत्या, दिवसातून दोनदा, जेवणानंतर.* दुसऱ्याच दिवशी घाट उघडला, इंजेक्शनही आलं, पण आत्याने ते फ्रीजमध्ये ठेवलं आणि वर लिंबं रचली. ती सकाळी कॅमेऱ्यांवर टीका करायची, संध्याकाळी माझ्या वरणावर. आकडा रोज साठ-सत्तर. माझी खळगी भरत आली.

आठव्या दिवसापासून आकडा उतरायला लागला. ती वरणाला नावं ठेवायची आणि बांगडी एकोणतीसच्या वर हलेना. मी घाबरून डॉक्टरांकडे गेले.

"इंजेक्शनचंही असंच होतं," त्या म्हणाल्या. "रोज रोज दिलं की डबे रिकामे होतात, परिणाम ओसरतो."

"आमचे डबे रिकामे झाले?"

"ते एक." त्यांनी आलेख मोठा केला. "पण नाडीही हलत नाहीये. घामही नाही. ढोमणे, तुम्हाला आता त्यांचा राग येत नाही."

मी हे आत्याला सांगितलं. तिने विचार केला. "मंग मी बिनकामाची झाली म्हन की."

"पुढच्या वेळी इंजेक्शन आहे."

"तं मी जाऊ?"

"नको," मी म्हटलं.

ती अजून ओजेच म्हणते. फक्त घोळणा फुटला की माझं नाक दाबून धरते, घड्याळ बघते, आणि नाटक हा शब्द काढत नाही. मागच्या आठवड्यात मी पुढील अर्ज टपालाने पाठवला आहे.

प्रति, मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग. विषय: अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश करणेबाबत. महोदय, वरील विषयान्वये विनंती करण्यात येते की, सौ. रंजना गुलाबराव तायडे, वय ६१, नाते आत्या, यांचा सदर यादीत समावेश करण्यात यावा. सदर औषध सामान्य तापमानात टिकते, फ्रीजची आवश्यकता नाही, चहा आवश्यक. वाघिणीच्या बाळंतपणात वाहतुकीस बंदी असली तरी सदर औषधास पायी जाण्याची मुभा असावी. परिणाम ओसरल्याच्या कारणास्तव पुरवठा बंद करण्यात येऊ नये. तसेच सर्व औषधांच्या वेष्टनावर छापणे बंधनकारक असलेली मुदत संपण्याची तारीख या एका औषधाच्या बाबतीत विशेष बाब म्हणून कायमस्वरूपी वगळण्यात यावी, ही नम्र विनंती.